बंदूक तळव्यावर निजवली तेव्हा

छर्‍याची बंदूक म्हणजे लोकांना खेळणं वाटतं. जत्रेत फुगे फोडायची, हौस भागली की परत करायची. मला चाळीस वर्षांच्या वर तिचा नाद आहे. अजूनही कुणी माझ्यासमोर तिला खेळणं म्हणलं की मी त्या माणसाशी चार दिवस बोलत नाही. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. पण जे मला येतं ते मला येतं, आणि हे मला येतं. उशिरा आलं, एवढंच. किती उशिरा, तेच सांगायला बसलो आहे.

बंदूक हातात आली ती अर्धापूरला. तिथं एका केळीच्या बागेत मी राखणीला होतो. वानरं लई. त्यांना हाकलायला बागवाल्यानं ही बंदूक आणून ठेवली होती. नळी मधून मोडायची, मुगाच्या दाण्याएवढा शिशाचा छर्रा तिच्यात बसवायचा, नळी सरळ करायची आणि चाप ओढायचा. आत दारू नाही, काही नाही. नुसती स्प्रिंग आणि हवा. वानराला छर्रा लागला तर ते बूड खाजवायचं आणि माझ्याकडं बघून दात विचकायचं. तेव्हा मी नेम धरत नव्हतो. दिशा धरत होतो म्हणा.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहीर आधी हातभर, मग पुरुषभर खाली गेली. केळीची पानं फाटून लोंबायला लागली. एक दिवस बागवाला आला, बांधावर उभा राहिला. मग म्हणाला, "जाय बाबा घराकडं. राखायला काय राहिलं इथं? बंदूक न्यायची तर ने. वानरं बी निघून गेली."

गाव आमचं मुदखेडच्या अंगाला. घरी बाप आणि बायको. आम्ही बौद्ध. बापानं छप्पननंतर दीक्षा घेतली ती अशी घेतली की घरात विंचू निघाला तरी चिमट्यानं धरून बाहेर नेऊन सोडायचा. दुष्काळात आम्ही तिघंही खडी फोडायला जायचो. दिवसभर दगड, आणि कामावर मिळायची ती सरकारी सुकडी. संध्याकाळी मी बंदूक घेऊन निघायचो.

गावाबाहेर एक जुनी विहीर होती. तिच्या तळाला वाकळीएवढं पाणी राहिलं होतं. आसपासच्या सगळ्या पारव्यांना तेवढंच. मी काठावर पालथा पडून राहायचो आणि पाण्यावर उतरलेलं पारवं टिपायचो. तहानलेल्या पाखराला इकडंतिकडं बघायची शुद्ध नसते. कधी दोन, कधी तीन घेऊन यायचो. मला त्याचा गर्व होता. गल्लीत चूल पेटायची मारामार होती आणि माझ्या घरातून रश्शाचा वास येत होता.

बाप ते खायचा नाही. बाहेर दगडावर बसून सुकडी खायचा.

"पाण्यावर आलेल्याला मारून राहिलास तू," तो म्हणायचा. "मारायचंच तर झाडावर मार."

"झाडाला पान न्हाई, पाखरू बसंल कुठं?"

"मंग नको मारू."

"घर कोण खाऊ घालून राहिलं? तुमचं पंचशील?"

बापाला मी असं बोललो. ते आता माझ्याच कानात वाजतं.

एका संध्याकाळी बायको पारवं साफ करता करता थांबली. म्हणाली, "जरा इकडं या." मी गेलो. पारव्याच्या गळ्याखालच्या पिशवीत एक दाणा नव्हता. बारीक खडे होते आणि पाणी होतं. नुकतंच प्यालेलं, अजून खाली न उतरलेलं. छातीचं हाड वर आलेलं, विळ्यासारखं. "शिजवू का टाकू?" तिनं विचारलं. तिनं परसात खड्डा करून ते पुरलं.

दया आली असं मी म्हणणार नाही. लाज वाटली. आपण स्वतःला नेमबाज समजत होतो, आणि मारत होतो काय, तर वाटीत तोंड घातलेलं पाखरू. हा कसला नेम? दुसर्‍या दिवसापासून विहिरीकडं गेलो नाही. खडीचा एक तुकडा मातीच्या ढिगावर ठेवला, तीस पावलं मोजली आणि त्याला मारायला लागलो. बागेतून आणलेल्या डबीत छर्रे थोडेच उरले होते. म्हणून रोज तीनच मारायचे असं ठरवलं.

दगड उडत नाही, पळत नाही, त्याला तहान नाही. तरी तो मला सापडेना. तीन दिवसांत एखादा छर्रा लागायचा. पण लागला की तुकडा टचकन उडायचा, पांढरी भुकटी वर जायची, आणि तेवढ्या वेळापुरती भूक लागलेली आहे हे मी विसरायचो. नाद खरा तिथं लागला. पोटासाठी मारत होतो तोवर त्यात मजा नव्हती हे मला दगडानं शिकवलं.

"पोटाला न्हाई आन् दगडं मारून राहिला," बाप म्हणायचा. पण ढिगाकडं बघत बसायचा. एकदा तुकडा उडाला तेव्हा त्याच्या तोंडून "हां!" निघालं. मग लगेच दुसरीकडं बघितलं त्यानं. पुढच्या साली पाऊस आला तेव्हा बाप नव्हता.

त्यानंतर मी बरीच वर्षं मिळंल ते काम केलं. मग लातूर नवा जिल्हा झाला. उस्मानाबादेहून फायलींचे ट्रक येऊ लागले, भाड्याच्या घरांतून कचेर्‍या उघडल्या, आणि चौथी पास माणसाला शिपायाची नोकरी मिळाली. तोवर माझं वय नोकरीच्या मर्यादेला टेकलं होतं. बायको आणि मी एका खोलीत राहायला आलो. नवा जिल्हा नवा जिल्हा म्हणून लोक पेढे वाटत होते. मला त्या शहरात कुणी ओळखत नव्हतं. कचेरीत सगळे 'मामा' म्हणायचे, सगळ्याच शिपायांना म्हणतात तसं. रविवारी मी बंदूक काढायचो आणि गावाबाहेर माळावर जायचो.

बंदूक तेव्हा मंद झाली होती. छर्रा पुढं जाऊन पडायचा. कुणी म्हणालं, आतलं कातडं वाळलं असंल, तेल पाज. घरात तेल कोणतं? करडईचं. मी नळीच्या मागच्या भोकात चमचाभर ओतलं आणि चाप ओढला. धाड! सुतळी बॉम्ब वाजावा तसा आवाज झाला. नळीतून निळा धूर निघाला आणि फोडणी करपल्याचा वास आला. छर्रा माळावरच्या डब्याच्या आरपार गेला. मी खूश. बंदुकीत जीव आला म्हणलं. महिनाभर दर रविवारी तिला तेल पाजलं. मग एक दिवस आत कडकन काहीतरी तुटलं आणि नळी मोडायला गेलो तर ती लुळी पडली.

गंजगोलाईच्या बाजारात एका लोखंडी सामानाच्या दुकानात छर्रे मिळायचे. तिथं घेऊन गेलो. दुकानदार लिंगायत, माझ्याच वयाचा, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगानं जाड. सगळे त्याला आप्पा म्हणत. त्यानं नळीला नाक लावलं आणि माझ्याकडं बघितलं.

"मामा, हिला फोडणी दिली का काय?"

त्यानं परत नळीचा वास घेतला.

"करडईचं?"

"हाव."

"मंग भाकरी बी द्यायची. नुसत्या तेलानं पोट भरतंय का?"

दुकानातली गिर्‍हाइकं हसली. मी बंदूक उचलली आणि पायरी उतरलो. त्यानं हाक मारली, "अहो, रागावू नका. मी माझ्या बंदुकीला खोबरेल पाजलं होतं. या आत."

दुकानामागं त्याचं लांबलचक गोडाऊन होतं. एका टोकाला भिंतीशी डब्याचा उलगडलेला मोठा पत्रा टांगलेला, त्याच्यापुढं वीतभर अंतरावर दोरीला पुठ्ठ्याचा तुकडा, पुठ्ठ्यावर बोटानं लावलेला चुन्याचा ठिपका. आप्पानं आयुष्यात पाखरू मारलं नव्हतं, अंडं खाल्लं नव्हतं. त्याला फक्त तो ठिपका मारायचा असायचा. चहा आला. मी कपाकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं बघितलं. दोन्ही कप सारखेच होते, दोन्हींचे कान तुटलेले. मी प्यालो.

त्या दिवशी आम्ही बंदूक उघडली. मी ती दहा वर्षं खांद्यावर वागवत होतो, पण आत काय आहे ते बघितलं नव्हतं. हातभर लांब स्प्रिंग, दोन तुकडे झालेली. तिच्यापुढं दट्ट्या, दट्ट्याच्या तोंडावर कातड्याची वाटी, जळून कोळसा झालेली. आत गेलेलं तेल पेटत होतं आणि तो धडाका म्हणजे बंदुकीचं मरण होतं, हे आप्पानं सांगितलं. नवी वाटी आम्ही जुन्या चपलेच्या कातड्यातून कापली, शिलाई मशीनच्या तेलात रात्रभर भिजवली. स्प्रिंग त्यानं हैदराबादेहून मागवली. बंदूक जुळवून पहिला बार काढला तेव्हा नुसता 'फट्' आवाज झाला. पण तो आवाज कशाकशाचा मिळून झाला ते मला कळत होतं. स्प्रिंग सुटली, दट्ट्या धावला, हवा दाबली, छर्रा निघाला. तेव्हापासून चाप ओढताना मला बंदूक आतून दिसते. नाद आणखी खोल गेला तो असा.

पुढं दर रविवारी दुपारी दुकान बंद झालं की मी गोडाऊनात. पाच-पाच छर्रे मारायचे आणि कुणाचे जवळजवळ पडले ते बघायचं. आप्पाचे पाचही रुपयाच्या नाण्याखाली झाकायचे. माझे तळहाताएवढे पसरायचे.

"तुम्ही तिला लई आवळून धरता, मामा," तो पहिल्याच महिन्यात म्हणाला. "ही स्प्रिंगची बंदूक. सुटताना तिला जरा हलू द्यावं लागतंय. डाव्या तळव्यावर नुसती निजवा. मूठ बंद करू नका. लेकरू उचलता तसं."

"मला लेकरू न्हाई," मी म्हणलो. ते खरंही होतं.

तो ओशाळला. पण रविवारी परत तेच. "सैल, मामा, सैल. ती पळून जाणार न्हाई."

मी ऐकलं नाही. दुष्काळात या बंदुकीवर मी घर चालवलं होतं. या माणसानं दुकानाच्या सावलीत बसून बंदूक शिकली, आणि मला हा शिकवणार? मी आणखी आवळून धरायचो. वर म्हणायचो, माझी बंदूक जुनी आहे, तिची नळी खराब आहे. अशी कितीतरी वर्षं गेली. आपल्याच हट्टापायी रविवारमागून रविवार मी तळहाताएवढी चाळणी करत राहिलो.

शेवटी एकदा तो म्हणाला, "आणा ती इकडं." माझी बंदूक त्यानं तळव्यावर ठेवली आणि पाच मारले. पाचही नाण्याखाली. काही बोलला नाही, बंदूक परत दिली. बोलला असता तर बरं झालं असतं. मी बंदूक कापडात गुंडाळली आणि निघालो. परत गोडाऊनात पाऊल टाकलं नाही. दोन वर्षं. छर्रे दुसरीकडून घेतले. गंजगोलाईत तो समोरून येताना दिसला की मी गल्ली बदलायचो. मला समजत होतं की तो डोळे बारीक करून बघतो, दुकानाची पायरी चाचपत उतरतो. त्याला साखरेचा आजार आहे असं कुणीतरी म्हणालंही होतं. मी ते ऐकून सोडून दिलं.

त्या साली पोळ्यानंतर कचेरी नव्या इमारतीत गेली. लोखंडी कपाट जिन्यावरून चढवताना सटकलं आणि माझा डावा अंगठा चिरडला. हाड जुळलं, पण मूठ मिटेना. रविवार आला. बंदुकीशिवाय मला रविवार घालवता येत नाही. माळावर गेलो. डावा हात बंदुकीखाली धरला, पण आवळता येत नव्हतं. ती तळव्यावर नुसती टेकलेली राहिली. मी म्हणलो, आज पुठ्ठाही सापडायचा नाही. चाप ओढला. बंदूक हातात जराशी सरकली, झोपेत कूस बदलल्यासारखी, आणि शांत झाली.

पाच मारले. पुठ्ठ्याकडं चालत गेलो. भोक एकच. चार छर्रे कुठं गेले म्हणून मी मागं माती उकरली. पाचही तिथंच, एकमेकांत रुतलेले. त्या भोकात माझी करंगळी मावत नव्हती.

असा आनंद मला आधी झाला नव्हता, नंतरही नाही. आणि त्याच घटकेला मला कळलं की आप्पाचं पहिल्या महिन्यातलं बोलणं खरं होतं. मधली सगळी वर्षं मी माझ्या हातानं घालवली होती. पुठ्ठा घडी न करता पेटीत ठेवला. दिवाळीला आठवडा होता. बायको म्हणाली, "जाऊन दाखवा त्यांना."

"अंगठा बरा होऊ दे," मी म्हणलो.

अंगठा बरा झाला. मग म्हणलो, दिवाळीत दुकानात गर्दी असते. मग म्हणलो, आता संक्रांत झाल्यावर. दर रविवारी पुठ्ठा काढायचा, बघायचा, ठेवायचा. दाखवायला गेलो तर कबूल करावं लागणार होतं.

महाशिवरात्रीची जत्रा भरली तेव्हा कचेरीत कुणीतरी बोलताना ऐकलं की गोलाईतल्या आप्पाचे डोळे गेले. सोलापूरला ऑपरेशन केलं, उपयोग झाला नाही. मी त्याच दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, पुठ्ठा आणि बंदूक घेतली आणि गेलो.

तो दुकानातच बसला होता, खिळ्यांच्या पोत्याला टेकून. मी नुसतं "आप्पा" म्हणलो.

"मामा! दोन वर्षं कुठं मेला होता?"

मी पुठ्ठा त्याच्या हातात दिला. म्हणलो, पाच छर्रे आहेत, माळावर तीस पावलांवरून मारलेले. त्यानं बोटाच्या टोकानं भोक शोधलं. कड चाचपली, पुठ्ठा उलटा करून मागूनही चाचपली.

"खिळ्यानं पाडलं का?"

"काय म्हणता?"

"न्हाई, माझ्या दुकानात खिळे लई हायत. तुम्हाला एखादा दिला असंल कुणी."

माझ्या डोक्यात रक्त चढलं. "चला गोडाऊनात," मी म्हणलो.

त्याचा हात धरून नेला, खोक्यावर बसवलं. नवा पुठ्ठा टांगला, चुन्याचा ठिपका लावला. पहिला मारला. टप्, आणि मागं पत्र्यावर टण्. दुसरा मारला. टप्, टण्.

"दोन्ही वेळा पुठ्ठा वाजला," तो म्हणाला. "भोकं दोन पडली. आवळून धरलीत तुम्ही."

धरली होती. अंगठा बरा झाला होता आणि मी रागात होतो. तिसरा मारला. नुसतं टण्. पुठ्ठा वाजलाच नाही.

आप्पा सरळ बसला. "एकच आवाज. मामा, त्याच भोकातून गेला का पुठ्ठाच चुकला?"

मी चालत गेलो. पुठ्ठ्यावर भोकं दोनच, दोन्ही जशीच्या तशी. पत्र्यावर पुठ्ठ्याच्या बाहेर चार बोटांवर नवा चकचकीत खळगा. गोडाऊनात तिसरं कुणी नव्हतं. आप्पा तोंड माझ्याकडं करून बसला होता, पण जरा चुकीच्या बाजूला. 'त्याच भोकातून गेला' म्हणलो असतो तर कोण तपासणार होतं?

"चुकला," मी म्हणलो. "पुठ्ठाच चुकला. चार बोटं बाहेर."

त्यानं खिशातून माझा जुना पुठ्ठा काढला आणि परत त्या भोकावर बोट ठेवलं.

"मंग हा खरा हाय," तो म्हणाला. "कसा मारला?"

मी परत जागेवर आलो, डबीतून चौथा छर्रा काढला.

"तुम्ही सांगितलं तसा. तळव्यावर निजवून."

"हं. कधी मारला?"

"दिवाळीच्या आधी. एक आठवडा."

त्याचं बोट भोकाच्या कडेनं गोल फिरत राहिलं.

"दिवाळीत मला दिसत होतं, मामा."

मी चौथा छर्रा चिमटीत धरला होता. तो परत डबीत टाकला.